शकुंतलेच्या फलाटावर

शकुंतला बंद पडली आणि मूर्तिजापूर ते अचलपूर या वाटेवरची छोटी स्टेशनं ओस पडली. अडीच फूट रुंदीची ही रूळवाट एका विलायती कंपनीनं वऱ्हाडातला कापूस बाहेर न्यायला टाकली होती. १९९४ पर्यंत गाडीला वाफेचं इंजिन होतं. माझ्या लहानपणी आजी मला खिडकीपाशी बसवायची आणि पदरानं माझे डोळे झाकायची, कोळशाचे कण जाऊ नयेत म्हणून. आता रुळांच्या मधून वेडी बाभूळ उगवली आहे. स्टेशनच्या खोल्यांची दारं, खिडक्यांच्या चौकटी लोकांनी केव्हाच काढून नेल्या. छप्पर तेवढं राहिलं. छप्पर राहिलं म्हणून तिथं माणसं येऊन राहू लागली.

दर्यापूर आणि अंजनगावच्या मधल्या अशाच एका स्टेशनावर आमच्या ख्रिस्ती मंडळीतले आम्ही सहा-सात जण मंगळवारी आणि शुक्रवारी जेवण घेऊन जातो. या डिसेंबरात अकरा वर्षं पूर्ण होतील. मी पेशानं नर्स. एका मिशन दवाखान्यात तीस वर्षं नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर या कामात पडले. लोक मला अजून सिस्टरच म्हणतात.

बेघर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढं मुंबईचा फूटपाथ येतो. २०११ च्या जनगणनेत देशभरात १७ लाख ७२ हजारांच्या वर बेघर माणसं मोजली गेली आणि त्यातली आठ लाखांहून जास्त खेड्यापाड्यांतली होती. खेड्यात बेघर माणूस पटकन ओळखू येत नाही, कारण गाव त्याला दुसरंच काही नाव देतं. कोणी वेडा, कोणी बाबा, कोणी फकीर. देवळाच्या ओट्यावर, बाजाराच्या शेडखाली, जिनिंगच्या भिंतीला टेकून तो वर्षानुवर्षं असतो आणि त्याला घर नाही हे कोणाच्या मनात येत नाही. शहरी बेघरांसाठी निवारे बांधायचा नियम आहे, दर एक लाख लोकसंख्येमागे एक. पण दर्यापूर किंवा अंजनगाव काही एक लाखाचं नाही.

आमच्या फलाटावर किती जण असतात ते ऋतूवर असतं. कापूस वेचणीच्या दिवसांत पाच, पौषात पूर्णाकाठी ऋणमोचनची यात्रा भरली की पंधरासुद्धा. यात्रेला घरची माणसं एखाद्या म्हाताऱ्याला किंवा डोक्यानं हललेल्या बहिणीला घेऊन येतात आणि परत जाताना एक माणूस कमी असतो. हे मी ऐकीव सांगत नाही. अशा दोघांना मी जेवू घातलं आहे.

आता त्या बाईबद्दल लिहिते. हे लिहायला मला आठ वर्षं लागली.

तिला सगळे जटावाली म्हणत. वय पन्नास असेल, साठही असेल. फलाटाच्या पूर्वेकडच्या टोकाला तिनं विटांची एक ओळ मांडली होती. ओळीच्या आत तीन दगडांची चूल, एक जर्मनचं भांडं आणि तिचं गाठोडं. ती जागा ती रोज झाडायची, निंबाच्या डहाळीनं. विटांच्या आत फलाटावरचं कुत्रंसुद्धा जात नव्हतं. तिची भाषा आमच्यापैकी कोणाला कळत नव्हती. तेलुगू असावी असा आमचा अंदाज होता. केसांची एकच जट झाली होती, पाठीवर फळीसारखी घट्ट. तिच्यात उवा, आणि मानेवर खाली जखमा असणार हे मला लांबूनही दिसत होतं. नर्सच्या डोळ्याला असल्या गोष्टी आधी दिसतात, माणूस नंतर दिसतो. तेव्हा तरी माझ्या डोळ्यांचं असंच होतं.

नाताळाच्या आदल्या आठवड्यात आम्ही ठरवलं, या वर्षी तिला स्वच्छ करायचं. मंडळीच्या तरुण संघातल्या पोरांनी पाण्याच्या कॅना आणल्या. मी कात्री, वस्तरा, डेटॉल, लाइफबॉयच्या दोन वड्या आणि नवंकोरं हिरवं लुगडं घेतलं. पोरांना बाहेर उभं करून आडोशाला चादर धरली. ती ओरडली नाही. सुरुवातीला तिनं हात वर केले, तेव्हा आमच्यातल्या दोघींनी ते धरले. हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे. धरले. मी जट कापली. कात्री चालेना म्हणून वस्तरा लावला. खाली खरोखरच जखमा होत्या, त्या धुतल्या, मलम लावलं. अंघोळ घातली. लुगडं नेसवलं. जुने कपडे, केस आणि ते गाठोडं एकत्र करून आम्ही रॉकेल टाकून पेटवून दिलं. गाठोड्यात उवा आणि झुरळं होती, ते ठेवणं शक्यच नाही असं मला वाटलं, आणि मी कोणाला न विचारता ते उचलून आगीत टाकलं.

मग मी फोटो काढला. एक आधीचा काढून ठेवलाच होता. दोन्ही जोडून मंडळीच्या ग्रुपवर टाकले. रात्री दहापर्यंत लोक देवाची स्तुती करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध-ब्रेड घेऊन गेले तेव्हा ती नव्हती. विटांची ओळ जागेवर होती. आम्ही पेटवलेल्या ढिगाची राख मात्र विस्कटलेली होती. राखेत बोटांच्या रेघा होत्या, लांब लांब, कडेपर्यंत ओढलेल्या. रात्रभर तिथं बसून तिनं काहीतरी शोधलं होतं.

फाट्यावर चहाची टपरी आहे. टपरीवाले भाऊ चार वर्षं तिला रोज सकाळी एक कट चहा देत होते, हे मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, भाऊ, ती बाई कुठं गेली? त्यांनी गाळणं बाजूला ठेवलं.

“सिस्टरबाई, तुम्ही तिले इचारलं व्हतं काय?”

मी म्हटलं, तिला भाषाच कळत नव्हती, विचारणार कसं.

“मले बी तिची भाषा येत नाही. पन मी गिलास दाखवतो, ते मुंडी हालवते. कधी नाही म्हंते. नाही म्हनलं त मी नाही देत.”

गाठोड्यात काय होतं असं मी विचारलं. ते म्हणाले, “मी कायले पाहीन? आपुन कोनाच्या पेटीत हात घालतो का?”

आम्ही तिला खूप शोधलं. मूर्तिजापूर जंक्शनवर, अकोल्याच्या स्टेशनावर, पौषातल्या चारही रविवारी ऋणमोचनला. मी मोबाइलमधला फोटो दाखवायची, स्वच्छ केलेला, हिरव्या लुगड्यातला. कोणी ओळखत नव्हतं. एकदा बोट सरकलं आणि आधीचा फोटो समोर आला, तेव्हा लाखपुरीच्या एका दुकानदारानं लगेच ओळखलं. “अरे, हे त जटावाली. दरसाल येत व्हती.” तिला चार तालुके ज्या खुणेनं ओळखत होते ती खूण मी वस्तऱ्यानं उतरवली होती. ती पुन्हा कोणाला दिसली असेल तर त्यांना ती दिसली हे कळलंही नसेल.

जट सोडवणं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते बायांच्या जटा काढतात, आणि त्या बाया नंतर मान मोकळी झाली म्हणून रडतात, हे मला ठाऊक आहे. पण ते लोक आधी घरी जातात, बोलतात, परत जातात, पुन्हा बोलतात. बाई हो म्हणाली की मग कात्री काढतात. मला एका दुपारी सगळं उरकायचं होतं. नाताळ जवळ आला होता.

योहानाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय मी संडे स्कूलमध्ये वीस वर्षं शिकवला आहे. बेथेस्दाच्या तळ्याकाठी ३८ वर्षं आजारी असलेला माणूस पडला आहे. प्रभू येशू त्याच्यापाशी येतो आणि बरं करण्याच्या आधी त्याला विचारतो की तुला बरं व्हायचं आहे का. मुलं दरवर्षी हसायची. ३८ वर्षं आजारी असलेल्याला असं विचारायचं असतं का, बाई? मी सांगायची की प्रभू त्याचा विश्वास पारखत होता. उत्तर पुस्तकी होतं, तरी मुलांचं समाधान व्हायचं. यरीहोच्या वाटेवरच्या आंधळ्या बार्तीमयालाही तो हेच विचारतो, मी तुझ्यासाठी काय करू? आंधळा माणूस दुसरं काय मागणार? तरी विचारतो. टपरीवाल्या भाऊंना हा अध्याय माहीत नाही. त्यांच्या टपरीत गजानन महाराजांचा फोटो आहे. पण काचेचा गिलास दाखवून ते रोज तोच प्रश्न विचारत होते.

बायबलातल्या गलतीकरांस पत्रात आत्म्याचं फळ सांगितलं आहे. प्रीती, आनंद, शांती अशी सुरुवात होते आणि सगळ्यात शेवटी इंद्रियदमन येतं. लहानपणी आम्हाला त्याचा अर्थ सांगितला होता की दारू पिऊ नये, सिनेमा पाहू नये, वाईट नजरेनं बघू नये. तेवढं मी आयुष्यभर पाळलं. चांगलं काम करायला धावणारा हात हेही इंद्रियच आहे, आणि त्यालाही आवरावं लागतं, असं कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या आयुष्यात सगळ्यात बेलगाम तोच होता.

तेव्हापासून आम्ही बऱ्याच गोष्टी बदलल्या. फोटो बंद केले. नागपूरचे एक दाते दर महिन्याला फोटो मागायचे, त्यांना नाही कळवलं, त्यांनी मदत थांबवली. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

प्रार्थनेचा बदल अवघड गेला. पूर्वी आम्ही माणसांना ओळीनं बसवायचो. एक भजन, दहा मिनिटं वचन, प्रार्थना आणि मग ताटं. एका शुक्रवारी माझं लक्ष एका म्हाताऱ्याकडं गेलं. तो भजन आमच्यापेक्षा सुरात म्हणत होता, शब्दन्‌शब्द पाठ, आणि त्याची नजर पातेल्यावरून हलत नव्हती. आठवड्यातून दोनदा तो भाकरीची किंमत मोजत होता आणि आम्ही त्याला भक्ती समजत होतो. मी मंडळीत विषय काढला. बरीच बोलाचाली झाली. मग सुवार्ता सांगायची कधी, हा प्रश्न आला, आणि तो खोट्या मनानं आलेला नव्हता. एका कुटुंबानं या कामासाठीचं अर्पण बंद केलं. पाळकसाहेब दोन रविवार गप्प होते. तिसऱ्या रविवारी त्यांनी मत्तयाचा पंचविसावा अध्याय घेतला. मी भुकेला होतो, तान्हेला होतो, परका होतो, उघडा होतो, आजारी होतो, बंदिशाळेत होतो, असं राजा म्हणतो तो भाग. त्यांनी एवढंच दाखवून दिलं की ज्यांनी जेवू घातलं त्यांना आश्चर्य वाटतं. प्रभू, आम्ही तुला केव्हा पाहिलं, असं ते विचारतात. त्यांना त्या वेळी माहीतच नव्हतं. त्यांचं लक्ष समोरच्या भुकेल्याकडं होतं.

आता प्रार्थना माझ्या स्वयंपाकघरात होते, भाकऱ्या बांधायच्या आधी. फलाटावर फक्त जेवण. गावात लोक विचारतात, तुम्ही यांना बाटवता का? मी सांगते, येऊन बघा. काही जण आले, बघून गेले, एक जण आता दर शुक्रवारी केळी पाठवतो. फलाटावरच्या एकानं तीन वर्षांनी विचारलं, “हे तुम्ही कोनाच्या नावानं करता?” मी सांगितलं. त्यानं जेवढं विचारलं तेवढंच सांगितलं. तीस वर्षांपूर्वी मी त्याला पत्रिकांचा गठ्ठा दिला असता.

इथून शेंडगाव जवळ आहे. १८७६ साली तिथं डेबूजी जन्मला, पुढं त्याला सगळा महाराष्ट्र गाडगेबाबा म्हणू लागला. माझे आजोबा पक्के ख्रिस्ती. पण बाबांचं कीर्तन पंचक्रोशीत असलं की बैलगाडी जुंपून जायचे. आजोबा सांगत की बाबा कीर्तनात सारखे प्रश्न विचारायचे, लोक उत्तर देईपर्यंत थांबायचे. पोथी सोडून समोरच्या माणसाच्या तोंडून काढून घ्यायचे. भुकेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र, बेघरांना आसरा ही बाबांची दशसूत्री आमच्याकडं शाळांच्या भिंतींवर रंगवलेली असते. मत्तयाचा अध्याय शिकवताना मी मुलांना ती भिंत दाखवायची. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ, अमरावतीच्या वाटेवर, बाबा गेले. त्यांच्या पुण्यतिथीला फलाटावरच्या लोकांना गावातून जेवण येतं आणि पाच दिवसांनी नाताळाचं आमचं. मधल्या दिवसांत ती माणसं कधी नव्हे ती भरल्या पोटी झोपतात.

भरल्या पोटाचंही एक सांगायला हवं, कारण इथं चूक झाली तर जीव जातो. खूप दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम पोटभर, त्यातून गोडधोड, घालू नये. अंगानं उपासाची सवय करून घेतलेली असते. अचानक साखर आणि पिष्टमय अन्न गेलं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींमध्ये ओढलं जातं, आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. १९४५ साली युरोपातल्या छळछावण्यांतून सुटलेली काही माणसं अशीच, मायेनं खाऊ घातल्यामुळं दगावली. हे मला शिक्षणातच शिकवलं होतं. तरी एका वर्षी एका चांगल्या घरच्या माणसांनी मुलाच्या वाढदिवसाचं श्रीखंड-पुरी आणली आणि दोनच दिवसांपूर्वी आलेल्या, हाडांचा सापळा झालेल्या एका तरुणाला आग्रहानं वाढली, तेव्हा मी भिडेनं गप्प बसले. रात्री १०८ बोलवावी लागली. तो वाचला. आता नवा माणूस आला की पहिले दोन-तीन दिवस ज्वारीची पातळ आंबील, थोडी थोडी. वाढणाऱ्याला ते फार कठीण जातं. भुकेल्याचा हात पुढं असतो आणि आपला मागं घ्यावा लागतो.

रागाचं मात्र मला अजून जमलेलं नाही. एका थंडीत चौदा ब्लँकेटं वाटली. पुढच्या शुक्रवारी एकाकडं ब्लँकेट नव्हतं, तोंडाला हातभट्टीचा वास होता. मी सगळ्यांदेखत त्याच्या हातातलं ताट काढून घेतलं. तो काही बोलला नाही. रिकामे हात तसेच पुढं धरून थोडा वेळ उभा राहिला, जणू ताट अजून आहे. घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की तो राग त्याच्यावरचा नव्हता. माझा धाकटा भाऊ दारूनं गेला. त्याच्या हातातलं ताट मी कधी काढून घेतलं नाही, पैसे देत राहिले, आणि ते सगळं या परक्या माणसावर निघालं. पुढच्या मंगळवारी मी त्याच्याकडं जाऊन चुकलं म्हटलं. तो म्हणाला, “जाऊ द्या ना बाई.” ब्लँकेट दुसरं दिलं. ते त्यानं विकलं की नाही, मी पाहिलं नाही.

एक सांगून ठेवते. विचारून करायचं म्हणजे हात बांधून उभं राहायचं, असा याचा अर्थ मी घेत नाही. मे महिन्यात आमच्याकडं पारा ४५ च्या पुढं जातो. उन्हानं कोणी बेशुद्ध पडला तर मी कोणाला विचारत बसत नाही. सावलीत ओढायचं, कपडे सैल करायचे, अंगावर ओली फडकी आणि वारा, तोंडात पाणी अजिबात ओतायचं नाही, आणि १०८. डोक्यानं हललेला माणूस स्वतःला सांभाळू शकत नसेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं पोलिसांवर जबाबदारी टाकली आहे. त्यांनी त्याला ताब्यात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं, हरवल्याची नोंद करायची, घरचे शोधायचे. जटावालीच्या वेळी हे मला माहीत नव्हतं. नंतर एका ठाण्यात मी कायद्याची छापील प्रत घेऊन गेले, तेव्हा तिथल्या साहेबांनी ती पहिल्यांदाच वाचली, पण वाचली. नागपूरच्या मनोरुग्णालयात आतापर्यंत आमच्याकडून तिघं गेले. एक बरा होऊन ओडिशात आपल्या घरी पोचला, त्याच्या आईचा फोन आला होता, मला एक शब्द कळला नाही आणि आम्ही दोघी बराच वेळ फोन धरून होतो. कर्जतला डॉ. भरत वाटवानी हेच काम कितीतरी वर्षं करत आहेत, २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं तेव्हा आम्ही फलाटावर जिलेबी वाटली होती, ज्यांना चालते त्यांनाच.

तीन वर्षांपूर्वी पोळ्याच्या सुमारास एक नवा माणूस आला. डोकं शाबूत, बोलणं नाही. कोणी जवळ गेलं की रुळांवरची गिट्टी उचलायचा. उजव्या तळपायाला खोल जखम होती आणि तो त्या पायावर सरळ भार टाकून चालत होता. दोन्ही हातांची करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलेलं. मला चालण्यावरूनच कळलं. कुष्ठरोगात नस मेली की तळपायाला काटा रुतलेला कळत नाही, दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. औषधं फुकट मिळतात, सुरू केली की थोड्याच दिवसांत लागण थांबते. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांचा जुना मिशन दवाखाना आहे. माझे हात शिवशिवत होते.

पहिल्या दिवशी मी ताट त्याच्यापासून चौदा स्लीपर लांब ठेवलं. रुळांखालच्या पट्ट्या मोजून. तो बसायचा रूळ संपतो तिथं, बफरजवळ. मी परत फाट्यापर्यंत गेले की तो उठून ताट घ्यायचा. दोन आठवड्यांनी तेरा. मग बारा. एकदा मी घाई करून एकदम नऊवर ठेवलं, तर तो दोन दिवस आलाच नाही, ताट मुंग्यांनी खाल्लं. पुन्हा तेरा. तरुण संघातली पोरं म्हणायची, सिस्टर, असं तर वर्ष जाईल. गेलं असतं तर गेलं असतं. संक्रांतीपर्यंत आम्ही सहावर आलो होतो, होळीला तीनवर. मी बोलत नव्हते. बसायची, पाण्याची बाटली उघडून पाणी प्यायची, तो जेवेपर्यंत इकडंतिकडं बघायची.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी बेसन-भाकर होती. त्यानं दोन घास खाल्ले, भाकरीचा तुकडा हातात धरला आणि म्हणाला,

“मीठ कमी हाय.”

सात महिन्यांत त्याच्या तोंडून निघालेले हे पहिले शब्द. मी भाकरी मोडून चाखली. मीठ खरंच कमी होतं. आमचा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी इतकं खारट की स्वयंपाकात मीठ हात राखूनच घालायचं, ही आम्हा बायकांची जन्माची सवय. त्या दिवशी नळाला शहानूर धरणाचं गोडं पाणी आलं होतं, त्यात बेसन केलं आणि मीठ सवयीनं घातलं. सहा जणांनी ते खाल्लं होतं, कोणी काही म्हटलं नाही. दिलेलं खायचं, नाव ठेवायचं नाही, हे फलाटावर सगळ्यांना कळतं. त्यानं नाव ठेवलं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. पुढच्या वेळेपासून पुडीत मीठ वेगळं नेऊ लागले. तो दोन बोटांत घेऊन, अंदाज करून, भाकरीवर भुरभुरतो.

पायाचं विचारायला मी आणखी दोन महिने लावले. ‘पाहू का?’ एवढंच. नाही म्हणाला. आठवड्यानं पुन्हा विचारलं. नाही. पावसाळा तोंडावर होता, जखमेत पाणी गेलं तर किडे पडणार, पाय जाईल, हे दिसत असताना मी घरी येत होते आणि रात्री झोप लागत नव्हती. या थांबण्यात पाय गेला असता तर मी देवाला काय उत्तर देणार होते, हे मला आजही सांगता येत नाही. मृगाच्या पहिल्या सरीनंतरच्या शुक्रवारी गेले तर त्यानं पाय पुढं करून ठेवला होता. तोंड दुसरीकडं.

तेव्हापासून दर भेटीला पट्टी असते. कोठाऱ्याला चल म्हणून मी महिन्यातून एकदाच विचारते. एकदा तो “पाहू” म्हणाला, त्यालाही आता चार महिने झाले.

गेल्या शुक्रवारी बादलीत कोमट पाणी घेऊन अर्धा तास पाय भिजवला, कडेची जाड कातडी खरवडली, जखम धुतली. लाल आहे, भरते आहे, रुपयाएवढी होती ती आता आठ आण्याएवढी. गॉज ठेवून मी पट्टी गुंडाळायला घेतली. घोट्यापर्यंत आले तेव्हा तो म्हणाला, “थांब.” मी थांबले. त्यानं माझ्या हातातला गुंडा घेतला आणि वळलेल्या बोटांनी उरलेले दोन वेढे स्वतः घातले, टोक आत खोचलं. वेढे सैल बसले होते. तीस वर्षं मी शिकाऊ पोरींना असे वेढे सोडायला लावले आहेत. मी ते तसेच राहू दिले.